कऱ्हेकाठचे नाव आणि कार्यालयीन दूरध्वनीचा पडदा : देवनागरी अक्षररूपांची चिकित्सा

सारांश

कार्यालयातील मेजावरच्या दूरध्वनीचा पडदा हा आज लेखनाचा एक लहानसा पृष्ठभाग झाला आहे. त्यावर अक्षराचा आकार, जाडी व वळण बदलण्याची सोय उत्पादक ‘फॉन्टची निवड’ या नावाने देतात. ही निवड मराठीला खरोखर उपलब्ध आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. बारामती तालुक्यातील मोरगाव आणि त्या गावावरून वाहणारी कऱ्हा ही दोन नावे उदाहरणादाखल घेऊन पडद्याची चौकट, फॉन्टची फाईल आणि नावांची नोंद या तीन पातळ्यांवर येथे विचार केला आहे. पहिल्या दोन पातळ्यांवरील अडचण यंत्राची होती. तिसऱ्या पातळीवरील अडचण आपली आहे, असा निष्कर्ष शेवटी मांडला आहे.

बीजशब्द : देवनागरी, अक्षररूप, फॉन्ट, दूरध्वनी, युनिकोड, मराठी नामलेखन.

१. प्रस्तावना

साहित्यसमीक्षेने मुद्रित पृष्ठाचा विचार पुष्कळ केला आहे. पाटी, फलक, शिक्का आणि यंत्राचा पडदा यांवरील लेखनाकडे मात्र ती सहसा वळत नाही. हे लेखन अल्पजीवी असते, त्याला कर्ता नसतो आणि त्यात वाङ्मयीन गुण नसतात, ही त्यामागील कारणे असावीत. तथापि दैनंदिन व्यवहारात माणूस सर्वाधिक वेळा जे वाचतो ते असेच लेखन असते. महाविद्यालयाच्या कार्यालयात दूरध्वनी वाजला म्हणजे लिपिकाची नजर प्रथम पडद्याकडे जाते. तेथे एखादे नाव उमटते. ते नाव ज्या रूपात उमटते त्या रूपात ते कार्यालयात रूढ होते.

मोरगाव हे अष्टविनायकांपैकी पहिले स्थान मानल्या जाणाऱ्या श्रीमयूरेश्वराचे गाव. ते कऱ्हा नदीच्या काठी वसले आहे. हीच कऱ्हा पुढे बारामतीवरून जाऊन सोनगावजवळ नीरेला मिळते. आचार्य अत्रे यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’ या आत्मचरित्राच्या शीर्षकामुळे तिचे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. या परिसरातील दूरध्वनीच्या पडद्यावर मात्र ही दोन नावे बहुधा रोमन लिपीत उमटतात. रोमन लिपीतील ‘मोरगाव’च्या अखेरीस ‘एन’ हे अक्षर येते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढून टाकले, तेव्हा ‘गांव’चे ‘गाव’ झाले. मराठीने सोडलेले ते अनुनासिक रोमन लेखनात मात्र टिकून राहिले. परिणामी परप्रांतीय वाचक त्याचा उच्चार स्वाभाविकपणे ‘न’कारान्त करतो. कऱ्हेच्या बाबतीत हानी अधिक आहे. रोमन अक्षरांवरून ‘करहा’, ‘कर्हा’ की ‘कऱ्हा’ हे ठरवण्यास कोणतेही साधन उरत नाही.

‘मग पडद्याचा फॉन्ट बदलावा’ असे यावर सहजपणे सुचवले जाते. ही सूचना वाटते तितकी सोपी नाही.

२. पाच स्तंभ आणि आठ ओळी

स्वस्त दूरध्वनींत व इतर कार्यालयीन उपकरणांत दीर्घकाळ जो पडदा वापरात राहिला तो अक्षरचौकटींचा एलसीडी पडदा होय. हिताची कंपनीचा एचडी ४४७८० हा नियंत्रक या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण आहे. त्यात प्रत्येक अक्षरासाठी ठिपक्यांची स्वतंत्र चौकट असते : रुंदीला पाच ठिपके, उंचीला आठ. रोमन व जपानी काताकाना अक्षरे कारखान्यातच त्याच्या स्मृतीत कोरलेली असतात. वापरणाऱ्याला स्वतःची अक्षरे घडवायची असल्यास त्यासाठी ६४ बाइटांची, म्हणजे आठ आकृत्यांची जागा राखलेली आहे. फॉन्ट बदलण्याचे या यंत्रातील स्वातंत्र्य एवढेच.

या स्वातंत्र्यात ‘मोरगाव’ लिहून पाहावे. म, ओकाराचा काना-मात्रा, र, ग, काना आणि व अशा सहा आकृत्या लागतात. आठ जागांत त्या मावतात. पुढे ‘बारामती’ जोडू गेल्यास र, म आणि काना पुन्हा वापरता येतात. परंतु ब, त आणि दीर्घ वेलांटी या तीन आकृत्या नव्याने लागतात. एकूण संख्या नऊ होते. गाव पडद्यावर येते, तालुका येत नाही. हा दोष एखाद्या फॉन्टचा नसून ज्या संख्येवर यंत्र उभारले त्या संख्येचा आहे.

उंचीचा हिशेब याहून कठीण आहे. ‘पुणे’ या दोन अक्षरी शब्दात पहिल्या अक्षराखाली उकार आणि दुसऱ्यावर मात्रा आहे. शिरोरेषा संपूर्ण शब्दाला एकाच उंचीवरून जावी लागते. वरच्या मात्रेला वाचनीयतेसाठी दोन ओळी, शिरोरेषेला एक आणि उकाराला दोन ओळी दिल्या, तर आठांपैकी तीन ओळी उरतात. त्या तीन ओळींत ‘प’ व ‘ण’ यांची संपूर्ण देहरचना बसवावी लागते. ‘इंदापूर’ची स्थिती हीच आहे. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना मात्र वर-खाली काहीच लागत नाही. त्यांना या चौकटीची जवळजवळ सर्व उंची मिळते. चौकट वरवर तटस्थ दिसते. परंतु ती एका विशिष्ट लिपीच्या मापाने कापलेली आहे.

तिसरी गोष्ट शिरोरेषेची. दोन चौकटींच्या मध्ये काचेवरच रिकामी फट असते. तेथे ठिपका नाही, म्हणून तेथे रेषा उमटणे शक्य नाही. त्यामुळे ‘मोरगाव’ हा शब्द सहा तुकड्यांत विभागला जातो. मराठी वाचकाची दृष्टी शिरोरेषेच्या आधाराने शब्दाची एकात्मता ग्रहण करते. तो आधार गेल्यावर उरते ती अक्षरांची रांग; शब्दाचा एकसंध आकार उरत नाही. कितीही कुशल रेखनकार आणला तरी ही फट त्याला भरून काढता येणार नाही.

येथे कऱ्हाकाठच्याच एका कवीची आठवण अप्रस्तुत ठरू नये. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस राहिले. त्यांच्या अनेक रामायणांपैकी एक निरोष्ठ रामायण आहे; म्हणजे ओठांनी उच्चारावयाचे वर्ण वगळून ते रचले आहे. ‘राम’ या नावातील ‘म’ त्यात वापरता येत नाही. वर्णांची टंचाई ही स्वतःमध्ये सर्जनाला मारक नसते, असे यावरून म्हणता येईल. परंतु मोरोपंतांनी ती टंचाई स्वेच्छेने, एका कृतीपुरती आणि भाषेवरील प्रभुत्वाच्या बळावर स्वीकारली होती. पडद्याची टंचाई मराठीने स्वीकारलेली नाही, ती आयात मालाबरोबर आली. बंधन तेच असले तरी ते कोणी घातले यावर त्याचे मूल्य ठरते.

३. फॉन्टची फाईल आणि लिपीचे व्याकरण

अक्षरचौकटींच्या जागी सलग ठिपक्यांचे पडदे आले आणि आंतरजालाच्या जाळ्यावरून चालणारे आयपी दूरध्वनी कार्यालयांत रुळले, तेव्हा वरील अडचणी दूर होतील अशी अपेक्षा होती. पॉलिकॉम कंपनीच्या साउंडपॉइंट आयपी मालिकेत व्यवस्थापकाला बाहेरून फॉन्टची फाईल चढवता येत असे. ही फाईल मायक्रोसॉफ्टच्या ‘एफएनटी’ पद्धतीची असावी आणि तिच्या नावात फॉन्टचे नाव, ठिपक्यांतील उंची व युनिकोडमधील पल्ला यांचा उल्लेख असावा, असा संकेत होता. देवनागरीसाठी युनिकोडने ०९०० ते ०९७एफ हा १२८ स्थानांचा पल्ला राखून ठेवला आहे. तेव्हा या पल्ल्याची फाईल तयार करून चढवली की दूरध्वनी मराठी झाला, असा समज होणे स्वाभाविक होते.

हा समज लिपीच्या स्वरूपाविषयीच्या अर्धवट ज्ञानावर आधारलेला आहे. युनिकोडच्या त्या पल्ल्यात सुटे वर्ण आणि चिन्हे आहेत. जोडाक्षरे नाहीत, अर्धी अक्षरे नाहीत, रफार नाही. ती रूपे सांकेतांकांच्या क्रमावरून आयत्या वेळी घडवावी लागतात. एका सांकेतांकाला एक चित्र एवढेच जाणणारी फाईल हे काम करू शकत नाही. ते दूरध्वनीच्या आज्ञावलीने करावे लागते. ती आज्ञावली नसेल तर काय होते हे ‘लिपिक’ या शब्दावरून दिसेल. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व संकेतनात व्यंजनानंतर येते, लेखनात मात्र ती व्यंजनाच्या आधी काढली जाते. सांकेतांकांची चित्रे केवळ क्रमाने मांडत गेल्यास ल, वेलांटी, प, वेलांटी, क अशी रांग तयार होते आणि वाचक ‘लपिकि’ वाचतो. कार्यालयातील ज्या व्यक्तीने तो पडदा दिवसभर वाचावयाचा तिचेच पदनाम अशा रीतीने अवाचनीय ठरते.

‘मोरगाव’ याही कसोटीला उतरते, कारण त्यात जोडाक्षर नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. या एका नावावरून समाधान मानून खरेदीचा निर्णय घेतला तर फसगत होईल. खरी कसोटी ‘कऱ्हा’ ही आहे. ‘ऱ्ह’ व ‘ऱ्य’ यांतील अर्ध्या र चे रूप हे मराठीचे वैशिष्ट्य आहे, हिंदीच्या नित्य लेखनात त्याची गरज पडत नाही. म्हणून ‘देवनागरी चालते’ असे उत्पादकाने सांगितले तरी त्यावरून ‘मराठी चालते’ हे सिद्ध होत नाही. साध्या फाईलीत ‘कऱ्हा’ची क, नुक्तायुक्त र, हलन्तचिन्ह, ह आणि काना अशी फाळणी होते. अज्ञ आज्ञावली ते ‘कर्हा’ करून मोकळी होते.

हा भेद केवळ दृष्टिसुखाचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ पाठवलेला निरोप ‘आचाऱ्यांना’ पोहोचला तर महाविद्यालयात काय घडेल याची कल्पना प्राध्यापकवर्गाला सहज करता येईल. गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाडकर या आडनावांच्या माणसांच्या दृष्टीने तर हा स्वतःच्या नावाचा प्रश्न आहे.

याच ठिकाणी आणखी एका मार्गाचा विचार केला पाहिजे. पॉलिकॉमच्या त्या सोयीत मूळ रोमन फॉन्टवर दुसरा फॉन्ट बसवणेही शक्य होते, यद्यपि उत्पादकाची तशी शिफारस नव्हती. म्हणजे रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र ठेवावे आणि पडद्यावर मराठी दाखवावी. ही युक्ती आपल्याला अपरिचित नाही. १९९० च्या दशकात व पुढेही मराठी संगणकलेखन बव्हंशी याच रीतीने चालले. त्या काळच्या प्रश्नपत्रिका, प्रबंध आणि अहवाल आज उघडले असता मूळ फॉन्ट नसल्यास केवळ अर्थहीन चिन्हे दिसतात. डोळ्यांना मराठी दिसत होती, परंतु यंत्राच्या नोंदीत मराठीचा एकही वर्ण नव्हता. अशा फॉन्टला लिपीचे वेषांतर म्हणणे अधिक योग्य होईल. वेषांतराने आजची निकड भागते, परंतु उद्याची नोंद नष्ट होते.

४. लिपीसुधारणेचा पूर्वानुभव

यावर असा आक्षेप घेता येईल की, यंत्रासाठी लिपीने थोडे वाकण्यात गैर काय? मराठीने पूर्वी तसे केले आहेच. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. लोकमान्य टिळकांनी छापखान्यातील खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या दृष्टीने देवनागरीचा विचार केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारून इ, उ, ए या स्वतंत्र स्वरचिन्हांची गरज कमी केली. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे आणण्याचा प्रस्ताव स्वीकारला, तो पुढे मागे पडला. या सर्व घडामोडींमागील मुद्रणतंत्राचा विचार बापूराव नाईक यांच्या, भाषा संचालनालयाने १९७१ साली प्रकाशित केलेल्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या त्रिखंडात्मक ग्रंथात विस्ताराने आला आहे.

या प्रयत्नांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, त्या सुधारणा जाहीर चर्चेतून आल्या. लिपीचे कोणते रूप सोडावे व का, हे सांगणारे पक्ष होते आणि त्याला विरोध करणारेही होते. दूरध्वनीच्या पडद्याबाबत अशी चर्चा झाली नाही. ‘ऱ्ह’ सोडावा असा ठराव कोणी केला नाही, तो केवळ उमटेनासा झाला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लिपीने यंत्रासाठी बदलावे असे पुष्कळांना वाटत होते, प्रत्यक्षात कालांतराने यंत्रच लिपीजवळ आले. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचला आणि जोडाक्षरे घडवण्याचे काम प्रणालीने स्वतःकडे घेतले. ज्या मर्यादेला आपण शाश्वत समजत होतो ती एका विशिष्ट काळातील कारागिरीची मर्यादा ठरली.

म्हणून आज तडजोड करताना ती तात्पुरती आहे, याची नोंद ठेवली पाहिजे. पाच-आठ ठिपक्यांच्या पडद्यावर रोमन नाव वापरण्यात व्यवहार आहे. त्याच नावाला कायमचे नाव समजण्यात मात्र चूक आहे.

५. नाव कोणाच्या नोंदीतून येते?

प्रश्न केवळ यंत्राचा असता तर येथे लेख संपवता आला असता, कारण आजच्या अनेक दूरध्वनींचे पडदे मोबाईलच्या पडद्यांच्या तोडीचे आहेत. नाव वाहून नेणारी व्यवस्थाही पूर्वीसारखी अरुंद राहिलेली नाही. अमेरिकेत रूढ झालेल्या कॉलर-नावाच्या जुन्या सेवेत नावाला १५ वर्णांची मर्यादा होती. ‘श्री मयूरेश्वर’ हे नाव प्रचलित रोमन वर्णांत लिहिल्यास मधली मोकळी जागा धरून सोळा स्थाने लागतात. शेवटचा ‘र’ गळतो. याउलट आयपी दूरध्वनी ज्या ‘सिप’ संकेतावर चालतात, त्याच्या २००२ सालच्या दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी ३२६१ मध्ये, नावासाठी युनिकोडचे यूटीएफ-८ रूप स्वीकारलेले आहे. म्हणजे ‘कऱ्हा’ हे नाव तारेवरून जाण्यास त्या संकेताची हरकत किमान २००२ पासून नाही.

तरीही ते जात नाही, कारण ते नाव मराठीत नोंदवलेलेच नसते. अंतर्गत क्रमांकांची यादी रोमन लिपीत केलेली असते, ती कधीकाळी एकदा झालेली असते आणि पुढे तीच चालवली जाते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्याच्या कारभारात मराठीला अधिकृत स्थान मिळाले, टिपणी मराठीत लिहिली जाऊ लागली. त्याच मेजावरील दूरध्वनीची यादी मात्र या विचाराच्या कक्षेबाहेर राहिली. केंद्र शासनाने २०१६ साली मोबाईल संचांना भारतीय भाषांच्या पाठ्याचे प्रमाण, म्हणजे आयएस १६३३३ चा तिसरा भाग, बंधनकारक केले. त्याचा रोख मोबाईल संचांकडे होता. मेजावरील दूरध्वनीचा विचार त्यात नव्हता. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मराठी लेखनासाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे पुन्हा अधोरेखित केली. अक्षराच्या वळणाबाबत एवढी जागरूकता दाखवणाऱ्या व्यवस्थेतील कार्यालयांत माणसांची नावे रोमन मोठ्या अक्षरांत उमटत राहावीत, ही विसंगती आहे.

मराठीत नोंद करतानाही दक्षता हवी. ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त देऊन, अथवा साध्या ‘र’नंतर हलन्त व शून्यरुंदीचे जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात. यंत्राला ती भिन्न असतात. एका लिपिकाने ‘गोऱ्हे’ एका मार्गाने नोंदवले आणि दुसऱ्याने दुसऱ्या मार्गाने शोधले तर नाव यादीत असूनही सापडणार नाही. येथे फॉन्ट पूर्णपणे निर्दोष असतो.

‘नाव कशाला, क्रमांक पुरेसा आहे’ असेही म्हटले जाते. जेथे सर्व एकमेकांना आवाजावरून ओळखतात तेथे ते खरेही आहे. नावाची गरज भासते ती अनोळखी माणसाला आणि नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दूरध्वनी करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या सेवेविषयी शिफारशी केल्या. त्यानुसार दिसावयाचे नाव हे ग्राहकाने अर्जात दिलेले नाव असेल. म्हणजे अर्जातील लेखन हेच पडद्यावरील लेखन होणार. त्या अर्जात आपण आपले नाव कोणत्या लिपीत व कसे लिहितो, या प्रश्नाला आता अधिक महत्त्व आले आहे.

६. समारोप

प्रस्तुत विवेचनावरून असे दिसते की, ‘फॉन्टची निवड’ ही संज्ञा मराठीच्या संदर्भात दिशाभूल करणारी आहे. अक्षर बारीक असावे की ठसठशीत, हा निवडीचा भाग होय. वेलांटी योग्य जागी यावी, शिरोरेषा अखंड राहावी आणि ‘ऱ्ह’ हा ‘ऱ्ह’च दिसावा, हा निवडीचा भाग नसून शुद्धलेखनाचा भाग आहे. आधी लेखन शुद्ध असावे, मग वळणाची चर्चा करावी, हा क्रम उलटा करता येणार नाही.

त्या दृष्टीने महाविद्यालयांच्या कार्यालयांनी तीन गोष्टी कराव्यात. दूरध्वनीसंचांची खरेदी करताना ‘मोरगाव’, ‘पुणे’, ‘लिपिक’, ‘कऱ्हा’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे पाच शब्द पडद्यावर उमटवून पाहावेत. पहिला सर्वांना साधेल, शेवटच्या दोहोंवरून निर्णय घ्यावा. अंतर्गत क्रमांकांची यादी प्रथम मराठीत, युनिकोडमध्ये आणि ‘ऱ्ह’च्या एकाच ठरवलेल्या संकेतनाने तयार करावी, रोमन रूप सोयीसाठी दुसऱ्या ओळीत ठेवावे. आणि रोमनच्या जागी मराठी चित्रे बसवणाऱ्या फॉन्टचा मोह टाळावा. यांपैकी दुसऱ्या गोष्टीला खर्च नाही. लागतो तो कार्यालयातील एका माणसाचा एका दुपारचा वेळ आणि प्रत्येकाला ‘आपले नाव आपण कसे लिहिता?’ असे विचारण्याची तयारी.

यंत्राच्या पाच-आठ ठिपक्यांना दोष देण्याचा काळ आता बहुतांशी सरला आहे. दोष असलाच तर तो आपण न लिहिलेल्या यादीत आहे. कऱ्हेच्या काठच्या कार्यालयात कऱ्हेचे नाव चुकीचे उमटत असेल, तर ते दुरुस्त करण्याची जबाबदारी यंत्राच्या उत्पादकापेक्षा त्या काठावर मराठी शिकवणाऱ्यांची अधिक आहे.